कॅमेलियाचं चित्र

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं दुखणंसुद्धा सांगते.

मी अमेरिकेत नोव्हायला राहते. रिटायर झाल्यापासून इथल्या एका म्युझियममध्ये लोकांना जपानी चित्रं समजावून सांगते – लाकडावर कोरून कागदावर छापलेली. त्यांतलं एकही झाड उगाच नसतं. पाइन म्हणजे दीर्घायुष्य. आणि कॅमेलिया? ते लाल फूल पाकळी-पाकळी गळत नाही, अख्खंच्या अख्खं तुटून पडतं, मुंडकं उडावं तसं. म्हणून जपानी माणूस आजाऱ्याकडे कॅमेलिया नेत नाही. हे मी दर टूरला सांगते. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

वैदेही माझी इथली सगळ्यांत जुनी मैत्रीण. एका पॉटलकला – प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचं जेवण – सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचं काय यार, म्युझियममध्ये टाइमपास चाललाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते डोक्यातून जाईना. थोड्याच दिवसांत तिचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. बाकीच्या डबे घेऊन गेल्या. मी म्युझियमच्या दुकानात गेले. आधी पाइनचं चित्र उचललं – ते परत ठेवलं, आणि कॅमेलियाचं घेतलं.

ती मरावी असं वाटत होतं का? नाही. फक्त तिच्या भिंतीवर मला कळेल आणि तिला कळणार नाही असं काहीतरी हवं होतं. एवढंच – आणि एवढं पुरेसं वाईट आहे. तिने अर्थ विचारला. मी म्हटलं, दीर्घायुष्य.

वैदेही बरी झाली. येईल त्याला ते चित्र दाखवायची, माझं नाव घेऊन. मी मान डोलवायचे. तेव्हा सांगता आलं नसतं? आलं असतं.

यंदा माझी बायपास झाली. वैदेही मुगाची खिचडी घेऊन आली, आणि दुसऱ्या हातात तेच चित्र. माझ्या पलंगासमोर तिने स्वतः खिळा ठोकला. म्हणाली, "तू दिलंस आणि मी बरी झाले. आता तुझा टर्न." मला लाज वाटली. मी थँक्यू म्हटलं.

काल ती पुन्हा आली. चित्र जरा वाकडं झालं होतं. तिने ते हलकेच सरळ केलं, मागे सरकून पाहिलं, आणि विचारलं, "नीट दिसतंय ना तुला?"

मी हो म्हटलं.