अर्ध्यावर थांबवलेली सिद्धता

"शाब्बास, अरुण!" भूमितीचे गुरुजी म्हणाले. फळ्यावरची सिद्धता माझी होती.

आमच्या हायस्कुलात रीतच तशी. महारवाड्यातल्या पोरांनी जागेवरून तोंडी सांगायचं, फळ्यावर दुसऱ्यानं लिहायचं. खडूला आमचा हात नको. मी सांगायची, पाटलाचा अरुण लिहायचा, फळ्यावरच्या कामाचे गुण त्याला. मला शून्य. अशा शून्यांनी नववी बुडाली की माझी शाळाही बुडाली. बानं आधीच बजावलं होतं, "पास झालीस तर शीक. न्हाई तर रिहे गावच्या खाचरात भात लावाया चल."

पायथागोरसचं प्रमेय मला लई आवडायचं. काटकोन पाटलाच्या वाड्याचा की आमच्या खोपटाचा, ते विचारत नाही. पुठ्ठ्याचे चार सारखे त्रिकोण कापून, हलवून हलवून मी त्याची वेगळी सिद्धता जुळवली होती.

पुढच्या आठवड्यात गुरुजींनी विचारलं, "पुस्तकाबाहेरची सिद्धता कुणाला येते?"

माझा एकटीचा हात वर.

"सांग. अरुण, तू लिही."

मी सांगितलं. मोठा चौरस काढ. चारी कोपऱ्यांत चार सारखे काटकोन त्रिकोण बसव. मधे उरला तो कर्णावरचा चौरस. अरुणनं काढलं. आणि मी गप्प झाले.

"ए, पुढं सांग की," अरुण हळूच म्हणाला.

"पुढचं मी काढनार."

गुरुजी ओरडले, "बस खाली!"

"बसते. अरुणला पुरं करू द्या."

वर्ग फिसकन हसला. अरुण घामेजला. त्याला एक रेघ सुचेना.

मी उठले. खडू घेतला. मागून कुणीतरी बोंबललं, "आरं, फळा बाटला!" पहिली रेघ वाकडी आली. आली तर आली. तेवढाच मोठा चौरस काढला. तेच चार त्रिकोण दोन-दोन जोडून दोन आयत केले. आता दोन लहान चौरस उरले, दोन बाजूंवरचे. मोठा चौरस तेवढाच, त्रिकोण तेच. मग उरलेलं सारखंच. सिद्ध.

गुरुजींनी फळा दोनदा बघितला. चूक सापडेना. मग शिपायाला हाक मारली, "फळा धुऊन काढ."

माझ्यासमोर धुतला. गुणांच्या वहीत शून्यच मांडलं. वर आठ दिवस वर्गाबाहेर.

वर्ष बुडालं. मी भात लावला, आणि बा नको म्हणत असतानाही पुढल्या वर्षी त्याच बाकावर जाऊन बसले.

आज लोक म्हणतात, जाऊ दे, गुरुजी जुन्या वळणाचे. कसलं जुनं वळण? घटनेनं शिवाशिव गुन्हा ठरवली होती आणि हा माणूस सरकारी अनुदानावर पगार घेत होता.

आमच्या मुळशी तालुक्यात अजून अशा शाळा आहेत. मला ठाऊक आहेत. त्यांच्या दारात मी बसणार, आयाबायांना घेऊन बसणार. आमचं पोर स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहील, तेव्हाच वर्ग भरेल. तोवर नाही.