यूसुफभाईंचा हात आणि बिस्किटांचा डबा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते शांताभाबीचे, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचे. ढाणकीजवळच्या आमच्या तांड्यावर ती भाकरी थापायची आणि मी शेजारी बसून विज्ञानाचा धडा वाचायचो. तिने शाळा पाहिली नव्हती. "कळ्ळं नाही, फिरून सांग," एवढंच म्हणायची. फिरून सांगता सांगता मी घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो, पुढे भूलतज्ज्ञ. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनसाठी भूल देतो आणि दर मंगळवारी पेन ओपीडी चालवतो. पेन ओपीडी म्हणजे जखम बरी होऊनही न थांबणाऱ्या दुखण्याची ओपीडी.

अशाच एका मंगळवारी कळंबचे मेकॅनिक यूसुफभाई उजवा हात मोज्यात घालून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "साहेब, हा हात काढून टाका."

त्यांचं मनगट फॅनबेल्टमध्ये सापडलं होतं. संवेदना वाहून नेणारी एक नस चिरडली गेली. टाके सुकले, कातडी जुळली, आग मात्र राहिली. पंख्याचा वारा लागला तरी ते कळवळत. एरवी हा माणूस इंजिनावर तळहात ठेवून बिघाड सांगायचा. गिऱ्हाईक त्या तळहातासाठी यायचं. आता तो मोज्यात होता.

"कापला तरी दुखेल," मी म्हणालो. "बिघाड आता वायरिंगमध्ये आहे."

हॉर्नची वायर शॉर्ट झाली की बटण न दाबता हॉर्न वाजतो. दुखावलेली नस तसंच करते. तिचा निरोप मज्जारज्जूत ग्लुटामेट नावाचं रसायन पुढे देतं. ते सारखं सुटत राहिलं की पुढच्या पेशी इतक्या हळव्या होतात की त्यांना वाराही चटका वाटतो.

यूसुफभाई ट्रॅमाडॉल घेत होते. ही अफूच्या कुळातली गोळी. मेंदूत आणि मज्जारज्जूत तिच्यासाठी कुलपं असतात, रिसेप्टर. गोळी कुलपात बसली की दुखण्याचा निरोप अडतो. पण रोज किल्ली फिरवली तर पेशी काही कुलपं आत ओढून घेते, उरलेली दाद देईनाशी होतात. मग तेवढ्याच गोळीने भागत नाही. याला टॉलरन्स म्हणतात. डोस वाढवत नेला तर काहींच्या बाबतीत उलटंच होतं, मेंदू दुखण्याचा आवाज वाढवतो.

हे ऐकून यूसुफभाईंनी मान डोलावली. "म्हणजे क्लच घसरून राह्यला, अन् मी रेस देऊन राह्यलो."

मी खुर्चीतून उडालोच. तेव्हापासून ओपीडीत हेच उदाहरण देतो.

ट्रॅमाडॉल हळूहळू कमी करायचं ठरलं, कारण अशी गोळी एकदम तोडली तर शरीर बंड करतं. सोबत नसेला शांत करणारं गॅबापेंटिन अगदी थोडं सुरू केलं. पण पुढच्या खेपांना आग वाढलेली, आणि यूसुफभाई बाकावर डुलक्या घेत होते. डोळे पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अफूच्या कुळातली औषधं जास्त झाली की असं होतं. आणि मी तर डोस कमी करत होतो!

विचारलं, तर त्यांनी शपथेवर सांगितलं की तुमच्याशिवाय दुसरी दवा नाही. त्यांच्या पत्नी रुखसानाबीही तेच म्हणाल्या. माझी विद्या संपली. जाता जाता सहज विचारलं, घरी भेटायला कोण कोण येतं?

रुखसानाबींचा चेहरा खुलला. अख्खा मोहल्ला येतो म्हणाल्या. कोणी रिकाम्या हाताने येत नाही. ज्याच्या घरी ज्या गोळीने गुण आला, त्या दोन-चार तो आजाऱ्याच्या उशाशी ठेवतो. नाही कसं म्हणायचं? येणाऱ्याला वाईट वाटतं.

"पण मी दवा विचारली होती ना?"

"वो दवा थोडी है साहेब. वो तो लोगों की मोहब्बत है."

दुसऱ्या दिवशी त्या यूसुफभाईंसोबत ती मोहब्बत बिस्किटांच्या डब्यात भरून घेऊन आल्या. पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या. नावं वेगवेगळी. मी बारीक अक्षरं वाचत गेलो. बहुतेकांत ट्रॅमाडॉलच.

यूसुफभाईंनी डाव्या हाताने दोन पट्ट्या उचलल्या. "बॉडी अलग, इंजिन एकच?"

"एकच."

ते हसायला लागले, मग रुखसानाबी, मग मी. वैद्यकीयदृष्ट्या हसण्यासारखं काही नव्हतं. या मिसळणीत माणूस श्वास घ्यायचा विसरू शकतो. गॅबापेंटिन थांबवलं, त्यांना वॉर्डात ठेवून खऱ्या डोसचा अंदाज घेतला आणि उतरण पुन्हा वरून सुरू केली.

मोहल्ल्याला नाही म्हणणं मात्र शक्य नव्हतं. म्हणून मी मागणी बदलली. हळव्या नसेला स्पर्शाची सवय लावावी लागते, आधी मऊ, मग खरखरीत. गोळ्या आणू नका, स्पर्श आणा, असा निरोप धाडला. लोकांनी मखमल आणली, लग्नातली ओढणी आणली, टॉवेल, गोणपाट. मंगळवारी यूसुफभाईंचा शेजारी ओपीडीत बकरीचं पिल्लूच घेऊन आला.

अधीक्षक साहेब दारात उभे. "डॉक्टर, ही बकरी कायची?"

"थेरपीची, सर."

"केसपेपर काढला काय तिचा?"

पिल्लाच्या पाठीवर यूसुफभाईंचा उजवा हात होता. उघडा, मोज्याशिवाय. ते साहेबांकडे बघून हसत होते. साहेबांनी खाली फरशीकडे बघितलं, म्हणाले, "लेंड्या तुम्ही उचला," आणि गेले. मी आनंदाने उचलल्या.

भाबी आता वाचायला शिकली आहे, म्हणून तिला मोठ्या अक्षरात लिहितो. त्या आठवड्यातलं पत्र असं होतं:

"भाबी, राम राम. यूसुफभाईंचा हात वाचला. आग पुरी गेली नाही, पण गोळी सुटत आली. काल त्यांनी माझ्या गाडीच्या इंजिनावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, वॉल्व सेटिंग गेली. मला इतका आनंद झाला की गाडी बिघडल्याचं दुःख संध्याकाळी आठवलं. यातून एक शिकलो. पेशंटला काय घेतोस विचारू नये, कोण भेटायला येतं ते विचारावं. तुझा गुडघा दुखतो आणि तांड्यावर तुझ्यावर जीव लावणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांना चहा पाज. गोळ्या मला आणून दे. तुझा, परकास."