खडीचा दर

मॅट्रिक झाल्यावर मला आळंदच्या एका ठेकेदाराकडे लिहिण्याचं काम लागलं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही पाण्यासारखं येई, पण टेंडरचे फॉर्म इंग्रजीत असत आणि ते भरायला त्यांना माणूस हवा होता. माझी आई खजुरीत राहायची आणि रस्त्याच्या कामांवर खडी फोडायची. बहुतेक वेळा आप्पांच्याच कामांवर.

खजुरीजवळच्या नाल्यावर पूल व्हायचा होता. दुपारी तीनच्या आत टेंडर गुलबर्ग्याच्या ऑफिसातल्या पेटीत पडायला हवं होतं. त्या दिवशी सकाळी फॉर्म भरून झाला होता. मी पाकिटाला लाख लावणार, तेवढ्यात आप्पा आत आले.

"थांब. गुलबर्ग्याचा तो दुसरा ठेकेदार आपल्यापेक्षा खाली जायलाय म्हणे. दर उतरव."

"कशाचा उतरवू, आप्पा?"

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. सिमेंट, लोखंड, वाळू. यातलं काही कमी करता येत नव्हतं. बोट खडीवर थांबलं.

"ब्रासमागं दोन रुपये काढ."

"मजुरी कमी केली तर खडी फोडायला बाया येणार न्हाईत."

"येतील की. उन्हाळ्यात दुसरं काम कुठं हाय?"

खाडाखोड चालत नसे. जादा आणलेला कोरा फॉर्म मी पुढे ओढला आणि पहिल्यापासून लिहायला लागलो. साडेबाराची बस होती. खडीच्या ओळीत नवा दर आधी आकड्यात लिहिला, मग अक्षरात. आईचा विचार मनात आला, पण बेरीज चुकू नये याचीच काळजी जास्त होती. बेरीज दोनदा तपासली.

बसमध्ये आप्पांच्या शेजारी पिशवी मांडीवर धरून बसलो. पेटी बंद व्हायला दहा मिनिटं असताना पाकीट आत टाकलं. साडेतीनला सगळ्यांसमोर पाकिटं फोडली. साहेबांनी एकेकाचा आकडा वाचला. आमचाच सगळ्यात खाली होता. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली, चहा पाजला. चहा गरम होता की गार, तेही मला कळलं नाही.

रविवारी घरी गेलो. आई भाकरी थापत होती.

"पुलाचं काम आप्पाला लागलं म्हणं?"

"व्हय."

"खडीला काय देणार?"

मी दर सांगितला. तिचा हात थांबला.

"एवढं कमी कामून?"

"न्हाईतर टेंडर मिळत न्हवतं. मीच लिहिलो दर."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "जेव," म्हणाली.

वस्तीतल्या चार बाया त्या दरात आल्या नाहीत. त्या उमरग्याकडं गेल्या. आई आली. तो सगळा उन्हाळा ती नाल्याच्या काठावर बसून खडी फोडत होती आणि दर शनिवारी हजेरीच्या वहीवर मी तिचा अंगठा घेत होतो. शाई लावायला तो हातात धरायचो. अंगठा दगडासारखा टणक होता. मागं बाया उभ्या असायच्या.

पावसाच्या आधी पूल झाला. दिवाळीनंतर आणखी एक टेंडर निघालं, निंबर्ग्याच्या रस्त्याचं. फॉर्म भरताना खडीच्या ओळीत मी तोच दर लिहिला. कमी कर असं कुणी सांगितलं नव्हतं, वाढव असंही नाही. आप्पांनी फॉर्म न वाचताच सही केली.