धाकट्याक काड

आमच्या पार्सेच्या भावजींइतका देखणा संसार अख्ख्या पेडणे तालुक्यात दुसऱ्या कोणाचा नसेल. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या घरात कुणाला टक्कल नाही, कुणाच्या लग्नात विजेची वायर आडवी आलेली नाही, चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीतलं एकही फळ कधी सुकलेलं नाही. माझे केस तिशीतच मला सोडून गेले, पण भाच्याच्या मुंजीत मी दाट भांग पाडून उभा आहे, तेही मुंज लागली तेव्हा मी चाळिशीला टेकलो असताना. हा सगळा संसार अर्थात कॉम्प्युटरात आहे. बाहेरचा संसार माझी ताई करते आणि त्यात भावजींना फारसा रस नाही.

मुरगाव बंदरातल्या नोकरीतून सुटल्यावर माणसं काजूच्या बागेत राबतात किंवा देवळात भजनाला बसतात. भावजींनी दोन कॉम्प्युटर घेतले. एक मोठा, सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, ताईने विणलेल्या लोकरीच्या झुलीखाली. त्याचं नाव ‘मूळ घर’. दुसरा मांडीवरचा लॅपटॉप, त्याचं नाव ‘बिऱ्हाड’. आपल्याकडे कामाधंद्यासाठी माणूस वास्को-पणजीला बिऱ्हाड करतो, पण चवथीला मूळ घरी येतो, तोच नियम भावजींनी फोटोंना लावला होता. दुरुस्तीसाठी फोटो बिऱ्हाडात न्यायचा, त्याचं टक्कल, वायर, चेहऱ्यावरचा काळोख, जे काय असेल ते निस्तरायचं आणि त्याला परत मूळ घरी आणून ‘सुधारलेले’ नावाच्या कप्प्यात ठेवायचं. न सुधारलेले ‘मूळ’ नावाच्या कप्प्यात. पुढे म्हापशाच्या एका दुकानदाराने दोन्ही यंत्रं अशी जोडून दिली की एकात जे कराल ते दुसऱ्यात आपोआप व्हावं. भावजी येईल त्याला अभिमानाने सांगत, “हांगा एक शिंकलो तर थंय दुसऱ्याक सर्दी.” इतकी सोय झाल्यावर कागदाचे अल्बम कशाला हवेत, म्हणून त्यांनी ते एका चवथीला निर्माल्याबरोबर शापोरा नदीच्या पाण्यात सोडून दिले. ताई त्या दिवशी जेवली नाही. “माज्या लग्नाचें विसर्जन केलें ह्या मनशान,” एवढंच ती मला फोनवर म्हणाली.

सुधारणेला मर्यादा असते हे भावजींना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ते बिऱ्हाडात नेऊन सुधारलं असतं. आंबट चेहऱ्याच्या एका आत्याला त्यांनी दुसऱ्या फोटोतलं हसू आणून चिकटवलं. आत्या आता स्वतःच्या नवऱ्याच्या बाराव्यालाही हसते. गाय मध्ये आली, काढली. प्लास्टिकची खुर्ची आली, काढली. आणि मग एके दिवशी त्यांनी स्वतःचा सख्खा भाऊ काढला.

हा धाकटा भाऊ डिचोली तालुक्यात लाटंबार्सेला मास्तर होता, तिथेच त्याने घर बांधलं. गोव्याचं राज्य होण्याच्या सुमारास राजभाषेचा वाद पेटला, तेव्हा भावजी मराठीकडे गेले आणि धाकटा कोकणीकडे. चवथीच्या पंगतीत दोघे असे भांडले की हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या थंड झाल्या. त्या भांडणाचा मी साक्षीदार आहे. भावजींनी मराठीची बाजू ठणठणीत कोकणीत मांडली, आणि धाकट्याने खिशातून काढून कोकणीच्या बाजूचा आपला जो लेख वाचून दाखवला, तो त्याने मराठी वर्तमानपत्रासाठी मराठीत लिहिला होता. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. राजभाषेचा निकाल सरकारने लावला, यांचा लागला नाही. तेव्हापासून धाकटा दर चवथीला मूळ घरी येई, गणपतीला नमस्कार करी, पंगतीला बसे, पण भाऊ भावाशी बोलत नसे. मध्ये ताई. “तेका सांग, आनी एक पातोळी घे म्हूण,” असं भावजी तिला सांगत, आणि धाकटा दोन हातांच्या अंतरावर बसून तिच्याकडून पुन्हा तेच ऐकण्याची वाट पाही.

जे तोंडाने जमेना ते भावजींनी माउसने केलं. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून बारीक काम सुनेकडे. सून सावंतवाडीची, कामसू आणि आज्ञाधारक. सासरे मागे खुर्ची टाकून बसत आणि हुकूम सोडत, “धाकट्याक काड.” की सून धाकट्याला पुसून तिथे माड नाहीतर भिंत उभी करी. वर्षानुवर्षं त्या घरात या वाक्याचा एवढा एकच अर्थ होता. फक्त भावजींच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो हट्टाला पेटला. त्यात धाकटा नवऱ्याचा धेडा, म्हणजे पाठराखा, म्हणून मागे उभा होता आणि त्याचा हात भावजींच्या खांद्यावर होता. धाकटा गेला, हात राहिला. मी विचारलं, “भावजी, हा कुणाचा?” ते चिडून म्हणाले, “हात काडूंक गेलों तर माजो खांद जाता.”

मग धाकट्याची साठी आली. त्याच्या मुलीने स्वतः फोन केला. साठीशांतीला मांडवात भिंतीवर बाबांचे जुने फोटो दाखवायचे आहेत, आणि बाबांकडे एकही नाही, सगळे काकांकडे. भावजींनी आधी कॉम्प्युटरवरची झूल बाजूला केली, असं ताई सांगते. मग म्हणाले, “हाडतां. सगळे हाडतां,” म्हणजे सगळे घेऊन येतो. क्षमा मागण्याची त्यांना दुसरी रीत ठाऊक नव्हती. ‘मूळ’ कप्प्यात धाकटा अजून पुराच्या पुरा होता, लंगोटीतला, शाळेतला, धेडा झालेला. तो त्याला परत द्यायचा होता.

आदल्या दिवशी भावजी आणि ताई डिचोलीला माझ्याकडे मुक्कामाला आले. उत्साहात भावजी पिशवीत शाल आणि नारळ घेऊन आले आणि बिऱ्हाड पार्सेला विसरले. त्यांचा लेक दुसऱ्या दिवशी ते घेऊन येणार होता. भावजींनी माझ्यासमोर सुनेला फोन लावला आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोलून सांगितलं, “मूळांतल्यान धाकट्याक काड. सगळो काड.” त्यांना म्हणायचं होतं, शोधून बाहेर काढ, वेगळा ठेव. सुनेने आजवर काढलं तसंच काढलं, धाकटा असलेला ‘मूळ’मधला एकूण एक फोटो पुसून टाकला. शिवाय दिवे लागायच्या आत घरातला केर बाहेर गेलाच पाहिजे, ही सासऱ्यांची शिस्त, म्हणून कॉम्प्युटरातली कचऱ्याची टोपलीही तिने रिकामी केली. एक शिंकला, दुसऱ्याला सर्दी झाली.

दुसऱ्या दिवशी लाटंबार्सेच्या मांडवात पाहुणे बसले, भिंतीवर पांढरी चादर ताणली, लेकाने बिऱ्हाड जोडलं. ‘मूळ’ कप्प्यात शोधाशोध झाली, काही सापडेना, म्हणून त्याने घाईत ‘सुधारलेले’ लावले. धाकट्याच्या साठीला धाकट्याचं आयुष्य सुरू झालं आणि त्यात सगळे होते, तो नव्हता. आई होती, तिच्या कडेवर माड होता. शाळेच्या रांगेत दोन पोरांमध्ये भिंत होती. पाहुण्यांतलं कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. मी भावजींकडे पाहायचं टाळलं. शेवटी लग्नाचा फोटो आला.

धाकटा उठून चादरीजवळ गेला आणि फोटोत बोट लावून म्हणाला, “हो हात माजो.”

मध्ये ताई नव्हती, ती आत स्वयंपाकात होती. भावजींना स्वतःच बोलावं लागलं. “काडूंक गेल्लों,” ते म्हणाले, “जावंक ना.” आणि मग मान खाली घालून, “बाकीचो सगळो गेलो रे. माज्यान गेलो.”

धाकटा मास्तर माणूस, चुकलेल्या पोराकडे पाहावं तसं त्याने थोरल्या भावाकडे पाहिलं. “गेलो तर गेलो,” म्हणाला. “आतां नवो काड.” दोघे मांडवाच्या खांबापाशी उभे राहिले, धाकट्याने भावाच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला आणि मी फोटो काढला. मागे विजेची वायर आली होती.

म्हापशाच्या दुकानदाराने दोन्ही यंत्रं ठेवून घेतली आणि काही सापडलं नाही म्हणून परत दिली. सुनेला कुणी बोललं नाही. भावजी तर तिच्यासमोर ‘काड’ हा शब्दच उच्चारत नाहीत, पंगतीत भात वाढायलाही ‘घाल’ म्हणतात. परवा मी पार्सेला गेलो तेव्हा ते मूळ घरासमोर एकटेच बसले होते. नव्या फोटोतली वायर त्यांनी पुसली होती, माझ्या डोक्यावर केस उगवून देणाऱ्या या माणसाने धाकट्याच्या हातावरच्या शिरा मात्र तशाच ठेवल्या होत्या. मग त्यांनी तो लग्नाचा फोटो उघडला, खांद्यावरचा बिनमालकाचा हात मोठा केला, इतका मोठा की सगळ्या पडद्यावर तोच राहिला, आणि मला पाहायला जवळ बोलावलं.

“पळय,” ते म्हणाले. “तरणो आसा रे अजून.”