व्याह्यांची मतं, माझं नाव

पुण्यात चित्रपट खऱ्या अर्थानं पाहणारा एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे आमचे व्याही. हे वाक्य मी दहा वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिकात दर महिन्याला चित्रपटांवर सदर लिहीत राहिलो आणि वाचक मला जाणकार समजत राहिले. आता एकोणऐंशी सरलं, तेव्हा खरं सांगून टाकतो. त्या सदरातलं एकही मत माझं नव्हतं.

व्याही मार्केट यार्डात तोलणार होते. जन्मभर धान्याची पोती काट्यावर चढवली, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे पाहताच तिचं वजन त्यांना कळतं. निवृत्तीनंतर ही नजर त्यांनी पडद्याकडे वळवली. दर शुक्रवारी सकाळच्या पहिल्या खेळाला ते गुलटेकडीहून आणि मी नारायण पेठेतून, असे आम्ही दोघं जातो. चित्रपट कुठला आहे, हे ते तिकीट हातात आल्यावर विचारतात. त्यांच्या लेखी चित्रपट चांगला किंवा वाईट नसतोच, तो भरतो किंवा कमी भरतो. एका कौटुंबिक चित्रपटात नायिका संसार मोडून, भली मोठी बॅग उचलून घराबाहेर पडली. सगळं थिएटर मुसमुसत होतं. व्याही मला म्हणाले, "पाव्हणं, बॅग रिकामी हाय. ही संध्याकाळपर्यंत परत येतीय." मध्यंतरानंतर दहाव्या मिनिटाला ती परत आली.

हाणामारीच्या चित्रपटात सगळे नायकाकडे बघतात, हे मार खाणाऱ्यांकडे. नायकानं वीसेक गुंड लोळवले की टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांत यांचा काळजीचा आवाज येतो, "ह्यांच्या घरी कुणी कळवलं का?" परदेशातल्या बर्फात नाचणारी जोडी पाहून ते म्हणाले होते, "पोरगी कुडकुडतीय आन् ह्यानं कोट घातलाय. हे लग्न टिकायचं न्हाई." ऐतिहासिक चित्रपटात सरदार धावत गड चढला आणि चढताक्षणी खणखणीत भाषण करू लागला, तेव्हा व्याह्यांनी आधी त्याला पाणी द्यायची सूचना केली, तीही मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, "आपण तिकीट बोलायचं काढलंय की बघायचं?" व्याही हात जोडून म्हणाले, "दोन्हीचं एकच हाय हो." भुताच्या चित्रपटाला मात्र ते माझं मनगट असं धरतात की घड्याळाचा पट्टा दोनदा तुटला. एकदा मी म्हटलं, "अहो, भूत खोटं असतं." ते म्हणाले, "मला म्हाईत हाय. त्या बाईला म्हाईत न्हाई ना!"

एका महोत्सवात आम्ही परदेशी चित्रपट पाहिला, त्या दिवशी आमची हीही सोबत होती. त्यात एक म्हातारी मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकते आणि मग कितीतरी वेळ नुसती कडधान्य निवडत बसते. लोक उठून गेले. मी झोपलो. जागा झालो तर व्याही डोळे पुसत होते. "एवढं घडलं, तरी बाईनं किडका दाणा बाजूला काढला," ते म्हणाले. "ती जगणार, पाव्हणं." हे वाक्य मी घरी येऊन जसंच्या तसं, फक्त 'पाव्हणं' गाळून, माझ्या नावावर लिहिलं. त्या लेखामुळे माझा जाहीर सत्कार झाला. आमची ही म्हणाली, "अहो, चित्रपटभर तुम्ही घोरत होतात, मग लेखात तुमचे डोळे पाणावले कधी?"

सत्काराला व्याही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. माझा प्रत्येक लेख ते यार्डातल्या जुन्या सोबत्यांना वाचून दाखवत. "आमच्या पाव्हण्यांचं आन् माझं मत कसं जुळतं बघा!" असं अभिमानानं सांगत. चोरी झाल्याचा संशय त्यांना शिवतच नव्हता, आणि मला तेच सोसेना.

शेवटी एका शुक्रवारी खेळ सुटल्यावर, चहाच्या टपरीवर मी सगळं कबूल केलं. ते एवढंच म्हणाले, "माझं नाव का न्हाई घातलं?" खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणालो, "तोलणाऱ्याचं मत कोण वाचणार, असं वाटलं मला." त्यांनी चहा अर्धाच ठेवला. "बरं," म्हणाले आणि बसस्टॉपकडे निघाले.

पुढच्या शुक्रवारी ते आले, पण व्याह्यासारखे आले. मला 'आपण' म्हणाले. पडद्यावर विमानं पडली, लग्नं मोडली, एक हत्ती नदीतून वाहून गेला, तरी हे गप्प. "कसा वाटला?" मी विचारलं. "आपण सांगा. आपण लिहिता." असे तीन शुक्रवार गेले. चित्रपट इतके लांब असतात, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या शुक्रवारी मी हिय्या केला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मत दिलं. म्हणालो, "नायकाचा बाप मला फार प्रेमळ वाटला." व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड दाबून धरलं, पण खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले की झाडूवाली बाई थांबून बघू लागली. "पाव्हणं, साफ चुकलात! बसा, सांगतो."

रिकाम्या थिएटरात आम्ही तसेच बसून राहिलो. ते हातवारे करत बोलत होते आणि मी ऐकत होतो. तो बाप खरा कसा होता, हे त्यांनी मला सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.