पुढचा हात

"याला पुढे कोणाचा हात लागणार?"

गेलेली ट्यूबलाइट दोन्ही हातांत आडवी धरून बाई हे विचारायच्या. समोर इलेक्ट्रिशियन असो, तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर असोत, नाहीतर खुद्द सेठजी. "इसको आगे किसका हाथ लगेगा?" उत्तर मिळेपर्यंत ट्यूब खाली ठेवायच्या नाहीत. समोरचा माणूस गडबडून जायचा. आपण टाकलेल्या वस्तूला पुढे हात कोणाचा लागतो, हे तुम्ही तरी कधी मनात आणलं आहे का? मी आणलं नव्हतं, आणि त्या इमारतीचा व्यवस्थापक मी होतो.

इमारत बनारसच्या नव्या वस्तीतली, पाच मजल्यांची. खाली साड्यांची पेढी आणि जनरेटर, वर कोचिंग क्लास, पॅथॉलॉजी, दातांचा दवाखाना, कॉम्प्युटरची शिकवणी. साड्यांची पेढी सेठजींची आणि इमारतही त्यांचीच. मी लखनौला जाऊन इमारतीच्या सुरक्षिततेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीच्या मागे लावलं होतं, येणाऱ्याला दिसेल असं. येणारे पंख्याखाली उभे राहून घाम पुसत आणि निघून जात.

बाई आल्या त्या किल्ल्या आणि फिनाइल सांभाळायला. रामघाटावरच्या, सासरी तीन पिढ्या वेदपाठशाळा. नवरा अचानक गेला आणि सेठजींच्या घरच्यांच्या ओळखीने त्यांना आमच्याकडे स्टोअरचं काम मिळालं. माझे वडील रेल्वेतले, बदलीवर आलेले आणि इथेच राहिलेले. बाई माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, मला "भाऊ" म्हणायच्या. इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मला वाटलं, चला, आपलं माणूस आलं. महिन्याभरात मला त्या आपल्या माणसाचा हेवा वाटू लागला, तो पुढे कधी कमी झाला नाही.

त्याचं असं झालं. बाई यायच्या आधी आमचा सगळा कचरा एकत्र जायचा. फुटक्या ट्यूब, बॅटऱ्या, शाईच्या नळ्या, पॉलिशवाल्यांच्या थिनरच्या चिंध्या, सगळं एका पोत्यात. ते पोतं आमचा सफाईवाला बाबूलाल उचलायचा. असंच एकदा पोत्यातली काच त्याच्या उजव्या हातात शिरली आणि दोन बोटं कायमची वाकायची थांबली. मी त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन देववलं आणि "सावधान" अशी टाइप केलेली सूचना भिंतीवर लावली. बाबूलालला वाचता येत नव्हतं.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याची बोटं पाहिली. "हे कसं झालं?" मला विचारलं. मी सूचनेकडे बोट दाखवलं. त्यांनी सूचना वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी स्टोअर लावायला घेतलं. गेलेल्या ट्यूब त्यांच्याच पुठ्ठ्याच्या खोळीत उभ्या. जुन्या बॅटऱ्या वाळूच्या परातीत फळीवर, म्हणजे तेजाब गळलं तरी जमिनीवर येऊ नये. तेला-थिनरच्या चिंध्यांना घट्ट झाकणाचं लोखंडी पिंप. प्रत्येक वस्तूला सुतळीने एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर चित्र. काचेला काच, सुईला सुई, आणि खाली एक हात काढलेला, दोन बोटं ताठ. तो हात कोणाचा ते इमारतीत सगळ्यांना कळायचं.

मी एकदा टोमणा मारला, "बाई, तुम्ही तर घरचं सोवळंच इथे आणलंत."

कारण होतंच तसं. रामघाटावरच्या त्यांच्या घरी सोवळ्याची वस्त्रं उंच दांडीवर ज्या काठीने वाळत घालायचे, तीच काठी त्यांनी स्टोअरमध्ये आणली होती. तेलकट चिंध्या त्या काठीने उचलून पिंपात टाकायच्या.

"आणलं ना," त्या म्हणाल्या. "पण उलटं करून आणलं, भाऊ. घरी आम्ही बोलायचो, मला शिवू नका. बाबूलालचा बाप आमच्या गल्लीत झाडू मारायला यायचा, त्याला पण हेच बोललोय. आता मी बोलते, बाबूलाल, हे तुला शिवायला नको."

बाबूलाल तिथेच उभा होता. मराठी त्याला कळत नव्हती, पण नंतर जिन्यात मला म्हणाला, "साहब, सब हमसे आपन हाथ बचाते रहे. ई पहिली हैं जो हमार हाथ बचावत हैं." मी "हां, हां" म्हणून पुढे गेलो. पोटात दुखलं ते पाचव्या मजल्यापर्यंत दुखत राहिलं.

तुम्ही म्हणाल, चांगल्या कामाचा कसला हेवा? अहो, वाईट कामाचा कोण करतो? दातांचे डॉक्टर माझा फोन उचलायचे नाहीत. माझ्या तीन पत्रांना त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. तेच डॉक्टर एक दिवस दातात भरायच्या पाऱ्याच्या मसाल्याचे उरलेले कण बाटलीत घट्ट बंद करून स्वतः जिना उतरून आले. माझ्या केबिनवरून सरळ पुढे स्टोअरमध्ये गेले आणि बाईंना म्हणाले, "दीदी, ये कहाँ रख दूँ?" मी दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची फिरवून जिन्याकडे तोंड करून ठेवली, म्हणजे येणाऱ्याला आधी मी दिसेन. मी दिसायचो. लोक थांबायचे, नमस्कार करायचे आणि विचारायचे, "दीदी हैं?"

महिनाअखेरीला बाई जमलेलं सगळं चिठ्ठ्यांसकट हातगाडीवर नीट रचून पाठवायच्या. सुया पॅथॉलॉजीचा कचरा नेणाऱ्या गाडीकडे, बॅटऱ्या परत दुकानदाराकडे. गाडीवाला निघताना त्यालाही तोच प्रश्न: "आगे किसका हाथ?" तो हसायचा. पण पुढच्या खेपेला हातमोजे घालून आला.

आता पिंपाची गोष्ट. ही मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही.

थिनरचा वास कोंडू नये म्हणून ते पिंप बाईंनी स्टोअरमधून काढून बाहेर जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ठेवलं होतं. लोकांनी दूर राहावं म्हणून भोवती गेरूची रेघ ओढली, आणि लांबून ओळखू यावं म्हणून साड्या बांधायचं लाल कापड सेठजींच्या पेढीतून मागून आणून पिंपावर घातलं. मग पुतण्याच्या मुंजीसाठी पाच दिवसांची रजा घेऊन गेल्या. बनारसमध्ये जन्म काढलेल्या बाईंना हे कसं सुचलं नाही, कोण जाणे. गेरूची रेघ, लाल वस्त्र आणि वर "हात लावू नका" असं सगळे सांगत असलेलं काहीतरी. काशीत अशी जागा फुलावाचून किती दिवस राहणार?

दुसऱ्या दिवशी रेघेच्या आत झेंडूचं फूल होतं. तिसऱ्या दिवशी माळ. चौथ्या दिवशी आमचे पहारेकरी पांडेजी मला अदबीने विचारते झाले, "साहब, दीदी ई कौन से बाबा बैठाई हैं?"

एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "दीदी को मालूम."

खरं सांगतो, मला आनंद झाला होता. मंगळवारी सेठजी महिन्याच्या पाहणीला यायचे. त्यांच्या लाडक्या दीदींच्या शास्त्रशुद्ध व्यवस्थेचं देऊळ झालेलं त्यांना बघू दे, लोकांना हसू दे. मी तर लखनौहून शिकून आलेला माणूस, माझ्याकडे तेव्हा वळतील. त्याच संध्याकाळी पांडेजींनी शेंदूर वाहिला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मंगळवारी सकाळी त्यांनी दिवा लावला.

केबिनच्या काचेतून मला तो दिसत होता. मातीची पणती, पिंपाला टेकून, वर लाल कापडाची किनार लोंबत होती. पिंपात काय आहे ते त्या इमारतीत दोघांनाच नीट माहीत होतं, आणि त्यातली एक रजेवर होती. सेठजी दहा मिनिटांत येणार होते. मी घड्याळाकडे पाहिलं आणि बसून राहिलो. काही होणार नाही, झाकण घट्ट आहे, सेठजी आले की मीच धावत जाऊन दिवा विझवीन, असं मी स्वतःला सांगत होतो. कापड जळल्याचा वास आला तरी मी उठलो नव्हतो.

बाई एक दिवस आधीच आल्या. मुंजीचे लाडू वाटायला, नऊवारीतच. दारातून त्यांनी पाहिलं आणि लाडवांचा डबा हातातून टाकून दिला. पेटलेलं कापड उजव्या हाताने ओढून काढलं, शेजारच्या स्टोअरमधून बॅटऱ्यांची परात ओढून आणून वाळू त्यावर लोटली, पणती पायाने लांब सारली. ओरडल्या नाहीत. लाडू दारातल्या पायऱ्यांवरून घरंगळत होते. पिंपाचं झाकण जसंच्या तसं होतं. रजेवर जाताना त्यांनी ते हाताने दाबून पाहिलं होतं, मी पाहिलं होतं त्यांना पाहताना.

तळहात भाजला. दातांचे डॉक्टर धावत खाली आले, सेठजी आले, पांडेजी रडायला लागले. सगळे त्यांच्याभोवती. आणि मी बाजूला उभा. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या क्षणीसुद्धा, तो भाजलेला हात बघताना, मला हेवा वाटला. माझा हात कोणी असा धरला नसता.

संध्याकाळी हाताला पट्टी बांधून त्या केबिनच्या दारात आल्या.

"भाऊ, तुम्ही इथेच होता ना सकाळी?"

"हो."

"वास नाही आला?"

"सर्दी झालीय," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने थर्मास घेऊन आल्या. आलं, मिरी, तुळस घातलेला काढा. "सर्दीला चांगला. पूर्ण प्या." मी पूर्ण प्यायलो. पुढे आठवडाभर रोज प्यायलो, कारण रोज आणायच्या. सर्दी मला झालेलीच नव्हती, आणि त्यांना ते ठाऊक होतं की नाही, हे मला त्या काढ्याच्या चवीवरून कधी कळलं नाही.

सेठजींनी पांडेजींना काढायचं ठरवलं तेव्हा बाई मध्ये पडल्या. "चूक माझी आहे. लाल कपडा मी घातला. काशीत लाल कपडा घालायचा आणि वर बोलायचं की हात जोडू नका, हे चालेल का?" मग त्यांनी पिंपावर सुतळीने एक फाटकी चप्पल टांगली. त्या दिवसापासून तिथे एक पाकळीसुद्धा पडली नाही. लखनौला हे शिकवत नाहीत.

पुढे पाच-सहा वर्षांनी साखरेने त्यांचे डोळे अधू केले आणि त्यांनी काम सोडलं. किल्ल्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता तरी. पण मी काहीही सांगितलं की बाबूलाल म्हणायचा, "हां साहब, दीदी भी यही कहती थीं." वर्षातून एकदा, दिवाळीला, मी रामघाटावर त्यांच्याकडे जायचो. दरवेळी सांगायचं ठरवून जायचो. दरवेळी त्या विचारायच्या, "सर्दी नाही ना आता?" आणि मी फराळ करून परत यायचो.

आणखी दहा-बारा वर्षांनी त्या गेल्या, ते मला बाबूलालकडून कळलं. तो मणिकर्णिकेवर पोचला होता, मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तिथेही माझ्या आधी तोच.

तेराव्याला गेलो. निघताना त्यांच्या पुतण्याच्या बायकोने कपाटातून पेढ्यांचा पत्र्याचा एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. झाकण चिकटपट्टीने बंद, वर सुतळी. "काकूंनी तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आम्ही कोणी खोलायचं नाही, असं बोलल्या."

सुतळीला चिठ्ठी होती. डोळे गेल्यावर लिहिलेली, ओळी एकमेकींवर चढलेल्या. वर सुईचं चित्र. खाली तोच हात, दोन बोटं ताठ. आणि त्याखाली: "इन्सुलिनच्या सुया आहेत. गल्लीच्या कचऱ्यात टाकू नये. पुढचा हात भाऊंचा. त्यांना समजतं."

मी ते तिथेच उभ्याने तीनदा वाचलं. त्यांना समजतं. त्या मंगळवारीही मला समजत होतं. बाईंना सगळं माहीत असूनही त्यांनी हे लिहिलं असेल, किंवा काहीच माहीत नसेल. दोन्हींपैकी काय जास्त लागतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

डबा दोन्ही हातांत आडवा धरून मी रामघाटाच्या गल्ल्यांतून चालत निघालो. रिक्षातही मांडीवर ठेवला नाही. इमारतीच्या दारात बाबूलाल उभा होता. म्हातारा झाला होता, पण मला ओझं घेऊन येताना पाहिलं की सवयीने पुढे व्हायचा. तसाच झाला. ती दोन ताठ बोटं डब्याकडे आली.

"हात मत लगाना, बाबूलाल," मी डबा मागे घेत म्हणालो. "इसमें सुई है."

त्याने हात मागे घेतला. चिठ्ठीवरचं चित्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"दीदी का है?"

"हां," मी म्हणालो. "दीदी का ही है."

तो बाजूला झाला आणि माझ्यासाठी जिन्याचं दार उघडून धरून उभा राहिला.