राणीचं रडणं

शामलाताईंच्या नाट्यशिबिरात पोरगं घातलं की सुट्टीभर त्याचा घसा बसणार, हे नागपूरच्या बेसा भागातले आईबाप धरूनच चालत. नाट्यशास्त्राची पदवी घेतल्यावर शामलाच्या मैत्रिणी मुंबईला गेल्या, ही मात्र नागपुरातच राहिली. लग्न राहूनच गेलं. दर मे महिन्यात शाळेच्या तापलेल्या सभागृहात, घरघरत्या कूलरपुढे ती मुलांकडून जुनी पौराणिक नाटकं बसवून घ्यायची. "नाटकी रडू नका रे! घरात, गल्लीत माणसं कशी रडतात ते बघा आणि तेच इथे आणा," हा तिचा धोशा.

यंदाच्या नाटकात राणीचा तरणा मुलगा युद्धात पडतो. राणी झाली होती आठवीतली मिनल. सुरुवातीला नुसती खांबासारखी उभी राहायची. मग एका दुपारी तिने मांडीवर थाप मारली, पदर तोंडात कोंबला आणि छातीतून असा काही आवाज काढला, की सेनापती झालेला गोलू आपलं वाक्यच विसरला. शामला खुर्चीवरून उठली.

"शाब्बास! कुठून आणलंस गं हे?"

मिनल नुसती हसली. शामलाने पुन्हा विचारलं नाही. प्रवेश मात्र रोज, टाळीची खूण देऊन, करून घेतला.

रंगीत तालमीच्या संध्याकाळी मिनलची आई, कामिनी, तिला न्यायला जरा लवकर आली आणि दारातच खिळली. प्रवेश संपला तशी ती सरळ रंगमंचापाशी आली.

"मॅडम, हे तर मी आहो."

शामलाला काही कळेना.

"माहा पोरगा, अंकुश, कन्हान नदीत बुडाला. मागच्या दिवाळीत, खाप्याजवळ. तवा मी अशीच..." तिने मांडीवर हात आपटायला उचलला आणि तसाच मागे घेतला. "हे पोरगी घरी एक बारी नाही रडली. मले वाटे, दगड झाली. आन् इथं अशी रडून राहिली? काहून वं मिनल? मले काहून नाही दाखवलं?"

"तूच म्हणे ना, तू तरी रडू नको म्हणून."

बाकीची मुलं गुपचूप चपला शोधू लागली. कामिनी रंगमंचाच्या कडेवर बसली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"बरं, आता रड. माह्यासमोर रड, बेटा."

मिनलने डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, थोडी थांबली.

"नाही येत. ताई टाळी वाजवतात ना, तवाच येते."

कामिनीने शामलाकडे पाहिलं. "वाजवा मंग."

शामलाचे हात छातीपर्यंत आले आणि तिथेच अडकले. टाळी वाजली की पोरगी रडणार, यात तिला शंका नव्हती. पण ते रडणं मिनलचं असेल का, हे तिला सांगता आलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही वाजवणार. उद्याच्या प्रयोगात राणी रडणार नाही. राणी पाठमोरी उभी राहील, बस."

"पाठमोरी?" मिनलचा चेहरा उतरला. "ताई, मी तर तुम्ही सांगतलं तसंच केलं. माहं चुकलं का?"

शामला पुढे झाली, तिच्या डोक्यावरचा मुकुट उतरवायला हात लावला. मिनलने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.